अकरावीला धर्म शिकवा, आणि त्याची परीक्षा घ्या

मे २०२४मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांपुढे आला. त्यात मनुस्मृतीतला एक श्लोक उद्धृत केलेला होता, गीता आणि मनाचे श्लोक यांच्या पाठांतराची सूचना होती. मग जे व्हायचं तेच झालं. एकीकडून ‘संस्कार’ हा शब्द आला, दुसरीकडून ‘भगवेकरण’. वाहिन्यांना आठवडाभराचं काम मिळालं, आणि पुढे सगळे आपापल्या उद्योगाला लागले. वाद मात्र मिटलेला नाही. ठाण्या-घोडबंदरच्या कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर सकाळच्या फुलांच्या चित्रांनंतर तासाभरात तो पुन्हा उगवतो. गंमत अशी की एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकलेली आहे: शाळा-कॉलेजात धर्म आणायचा म्हणजे मुलांना धार्मिक करायचं. एकाला ते हवं आहे, दुसऱ्याला नको आहे. हे गृहीतकच खोटं आहे असं माझं म्हणणं आहे. धर्म, तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र हा अकरावी-बारावीला शंभर मार्कांचा, ऐच्छिक, पण तिन्ही शाखांना खरोखर खुला असलेला विषय असायला हवा. त्यात कुणाची श्रद्धा तपासायची नाही, उत्तरपत्रिका तपासायची. आणि उत्तरपत्रिकेत श्लोक किती पाठ आहेत यापेक्षा युक्तिवाद कितपत उभा राहतो याला जास्त मार्क द्यायचे.

यात आकाशातून काही आणायचं नाही. राज्य मंडळाच्या यादीत तत्त्वज्ञान आहे, तर्कशास्त्र आहे. बालभारतीनं दोन्हींची पाठ्यपुस्तकं काढलेली आहेत. पण ते विषय कला शाखेच्या एका कोपऱ्यात पडून आहेत. ज्या कॉलेजात शिक्षक टिकला तिथे वर्ग भरतो, तो निवृत्त झाला की विषयही त्याच्याबरोबर निवृत्त होतो. तर्कशास्त्र घेणाऱ्या मुलाला ‘का घेतलंस?’ म्हणून विचारा. दहातले नऊ जण ‘स्कोअरिंग आहे’ म्हणतील, आणि त्यांचं चुकीचंही नाही. विज्ञान शाखेच्या मुलाला तर ही दारं दिसतही नाहीत. नवी मुंबईतल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजांत मुलगा नाव कॉलेजात घालतो, बसतो क्लासमध्ये, आणि कॉलेजचं तोंड प्रॅक्टिकलपुरतं पाहतो. त्याच्या वेळापत्रकात ‘माणसानं कसं जगावं’ या प्रश्नाला तास नाही. तो प्रश्न त्याला पडत नाही असं मात्र कुणी समजू नये. सोळा-सतराव्या वर्षी तो जितका पडतो तितका पुढे कधीच पडत नाही.

आता ‘संविधानात बसत नाही’ या आक्षेपाकडे येऊ, कारण तोच सर्वांत आधी फेकला जातो. अनुच्छेद २८ स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत ते संमतीशिवाय कुणावर लादता येत नाही. पण धर्मशिक्षण म्हणजे काय? हा प्रश्न संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी उभा राहिला होता. संस्कृत पाठशाळांत वेद, स्मृती, उपनिषदं शिकवतात, त्यांचं काय करायचं, असं पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी विचारलं. डॉ. आंबेडकरांनी दिलेलं उत्तर आजच्या दोन्ही पक्षांनी एकदा शांतपणे वाचावं. धर्मशिक्षण वेगळं आणि धर्माचा अभ्यास किंवा संशोधन वेगळं, असं ते म्हणाले. अमुक एक मत खरं मानायला शिकवणं हे पहिल्यात येतं, दुसऱ्यात येत नाही. ही रेघ पुढे पुसली गेली नाही. गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७१मध्ये डीएव्ही कॉलेजच्या प्रकरणात सांगितलं. राष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान देणाऱ्या २००२च्या अरुणा रॉय खटल्यातही हाच धागा आहे, आणि त्या निकालात मूल्यशिक्षणावरच्या ज्या संसदीय समितीच्या अहवालाचा आधार घेतला गेला तिचे अध्यक्ष होते आपले शंकरराव चव्हाण. समित्यांचं म्हणाल तर आपण गरीब कधीच नव्हतो. राधाकृष्णन आयोगानं १९४९मध्ये पदवीच्या तीन वर्षांसाठी चढती मांडणी सुचवली: आधी धर्मपुरुषांची चरित्रं, मग निवडक धर्मग्रंथ, मग धर्माच्या तत्त्वज्ञानातले मूलभूत प्रश्न. श्रीप्रकाश हे इथे मुंबईत राज्यपाल असतानाच धार्मिक आणि नैतिक शिक्षणावरच्या समितीचं अध्यक्षपद सांभाळत होते. त्यांचा अहवाल १९६०चा. कोठारी आयोगानंही ‘धर्माचं शिक्षण’ आणि ‘धर्मांविषयीचं शिक्षण’ असा फरक केला. इतकं सगळं होऊनही आपण आज वाद घालतो तो श्लोक पाठ करावेत की नाही यावर.

ठाणे स्टेशनातून बाहेर पडून तलावपाळीकडे चालू लागलं की काय काय लागतं ते आठवा. जांभळी नाक्याशी कौपिनेश्वर, तलावाच्या काठी सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, टेंभी नाक्याला पारशांची अग्यारी, आणि तिथेच १८७९ सालचं बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, शार हाशामाईम सिनेगॉग. हे सगळं पायी फिरायला अर्धा तास पुष्कळ झाला. याच रस्त्यांवरून हजारो मुलं क्लासला जातात. त्यातल्या किती जणांना माहीत असेल की या सिनेगॉगची मंडळी घरात मराठी बोलत आली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली, आणि शुभकार्यात ती ‘मलिदा’ मांडतात? ताटात भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं, आणि प्रार्थना एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं. ताट पाहिलं तर कुठल्याही कोकणी घरातलं वाटेल, प्रार्थना हिब्रू. ‘आपले संस्कार’ आणि ‘परके धर्म’ अशी सरळ फाळणी करणाऱ्यानं या ताटाचं काय करायचं? आणि ‘धर्म म्हणजे घरातला खासगी मामला, शाळेनं त्यात पडू नये’ म्हणणाऱ्याला हे शहर तरी कसं कळणार? अग्यारी असलेला रस्ता कळायला पारशी व्हावं लागत नाही, पण पारशांचा अग्नीशी काय संबंध हे कुणीतरी एकदा नीट सांगावं लागतं.

ठाण्याच्या इतिहासात या विषयाची एक काळी बाजूही नोंदलेली आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. १३२१ साली फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती धर्मोपदेशक ठाण्यात मारले गेले. त्यानंतर थोड्याच काळानं इथे आलेल्या ओदोरिक या त्यांच्याच पंथाच्या प्रवाशानं ती हकिगत लिहून ठेवली आहे. हे धर्मोपदेशक एका ख्रिस्ती घरी उतरले होते. त्या घरातल्या नवरा-बायकोचं भांडण काजीपर्यंत गेलं, साक्षीच्या निमित्तानं हे पाहुणे पुढे आले, आणि ख्रिस्त माणूस की देव यावर चर्चा सुरू झाली. शेवटी त्यांना पैगंबरांविषयी मत विचारलं गेलं, त्यांनी आपलं मत सांगितलं आणि जीव गमावला. ज्या अधिकाऱ्यानं त्यांना मारलं त्याला पुढे दिल्लीच्या सुलतानानंच मृत्युदंड दिला, असंही ओदोरिक सांगतो. ही गोष्ट एका धर्माविरुद्ध वापरायला फार सोपी आहे. ख्रिस्ती युरोपातही तेव्हा इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना हुडकून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, चालू होतं हे विसरलं की झालं. मला त्यात दिसते ती प्रश्न विचारण्याची पद्धत. उत्तर चुकलं तर शिक्षा, अशा ठिकाणी विचारलेला ‘तुझं मत काय?’ हा प्रश्न नसतो, सापळा असतो. आज कॉलेजच्या कट्ट्यावर, ग्रुपवर, स्टुडिओत धर्माविषयी जे विचारलं जातं ते बहुतेक याच जातीचं असतं. म्हणून तर ज्या एका खोलीत हा प्रश्न सापळा नसेल, अशी खोली मुद्दाम बांधावी लागते.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या पंडितांनी, या बाबतीत केलेली विभागणी अजून कुणी मागे टाकलेली नाही. चर्चा तीन प्रकारची. वादात दोघांनाही खरं काय ते हवं असतं. जल्पात दोघांना जिंकायचं असतं. वितंडेत समोरच्याचं फक्त मोडायचं असतं, स्वतःची बाजू मांडायची जबाबदारी घ्यायचीच नसते. १८५७ साली गिरगावच्या चौपाटीवर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर सामने झाले. ऐकायला माणसांची दाटी व्हायची, आणि तो बऱ्याच अंशी जल्पच होता. पण निदान दोन्ही बाजूंनी एकमेकांचे ग्रंथ वाचलेले होते. आजचे वादपटू तेवढीही तसदी घेत नाहीत. याउलट चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांचा सर्वदर्शनसंग्रह पाहा. माणूस अद्वैती, पण सुरुवात करतो ईश्वर आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकापासून. आणि चार्वाकाचं म्हणणं असं मांडतो की वाचणाऱ्याला क्षणभर वाटावं, हेच बरोबर आहे. मग बौद्ध, मग जैन, असं करत करत तो स्वतःच्या मताकडे येतो. आधी दुसऱ्याचा पक्ष त्याला मान्य होईल असा मांडायचा आणि मग खोडायचा, ही पूर्वपक्षाची शिस्त आपली. ती अकरावीच्या वर्गात आणा म्हटलं की ‘पाश्चात्त्य कल्पना’ म्हणून नाकं मुरडणारे लोक भेटतात, याची मला मौज वाटते.

इंग्लंडमध्ये विद्यापीठात जाण्याआधीच्या ए-लेव्हलला ‘रिलिजियस स्टडीज’ हा विषय आहे. ईश्वराच्या अस्तित्वाचे युक्तिवाद आणि त्यांच्यावरचे आक्षेप, जगात दुःख का, उपयुक्ततावाद (ज्यानं जास्त लोकांचं सुख वाढतं ते योग्य), कांट या जर्मन तत्त्वज्ञाचा कर्तव्यविचार, इच्छामरण, आणि एखाद्या धर्मपरंपरेचा सखोल अभ्यास असं साधारण त्याचं स्वरूप. त्यात माहितीला चाळीस टक्के वजन आणि विश्लेषण-मूल्यमापनाला साठ टक्के. या साठ टक्क्यांतच सगळं आलं. आस्तिक परीक्षक आणि नास्तिक विद्यार्थी, किंवा उलट, दोघांनाही तो पेपर चालतो. फ्रान्समध्ये सर्वसाधारण आणि तांत्रिक शाखांच्या मुलांना शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर असतो, आणि तिथल्या बहुतेक सरकारी शाळांत धर्मशिक्षण नाही. म्हणजे कडक धर्मनिरपेक्ष देशालाही हे झेपतं, आणि जिथे राजाच चर्चचा प्रमुख आहे त्या देशालाही झेपतं.

आता जे आक्षेप मला खरोखर जड वाटतात ते घेतो. पहिला असा, की नीतिशास्त्र शिकून कुणी नीतिमान होत नाही. हे मी पूर्ण मान्य करतो. नीतिशास्त्राचे प्राध्यापक इतर प्राध्यापकांपेक्षा चांगले वागतात का, हे अमेरिकेत तपासून पाहिलं गेलं आणि फरक जवळजवळ सापडला नाही. तेव्हा ‘या विषयामुळे मुलं सुधारतील, आईवडिलांना सांभाळतील, भ्रष्टाचार थांबेल’ असं जो सांगेल तो थापा मारतो आहे. मूल्यशिक्षणाच्या तासाला आपण हेच आश्वासन देत आलो, म्हणून तो तास पीटीच्या तासाला विकला जातो. पण नागरिकशास्त्रानं मतदार प्रामाणिक होतात का? अर्थशास्त्रानं कुणाचं कर्ज फिटतं का? विषयाचं काम समज वाढवणं. वागणूक सुधारायचं काम घर, कायदा आणि अनुभव यांचं. एवढी माफक अपेक्षा ठेवली तरी हा विषय आपली जागा कमावतो.

दुसरा आक्षेप शिक्षकाचा, आणि हा सर्वांत वजनदार आहे. शिकवणार कोण? जो शिकवेल तो आपलंच घोडं पुढे दामटणार नाही कशावरून? आणि जो प्रामाणिकपणे सगळ्या बाजू मांडेल, त्याचं अर्ध्या मिनिटाचं चित्रण तोडून कुणी फिरवलं तर? चार्वाकाचं मत समजावून सांगताना काढलेलं वाक्य हे शिक्षकाचंच वाक्य म्हणून पोलीस ठाण्यात पोचू शकतं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ तिथे तयार आहे. हा धोका काल्पनिक नाही, आणि पहिल्या काही वर्षांत एखाद्या भल्या शिक्षकाला तो भोवेल हेही मला दिसतं. पण याच भीतीनं लैंगिक शिक्षणाचं आपण काय केलं? धडा पुस्तकात ठेवला आणि ‘घरी वाचा’ म्हणून सांगितलं. धर्माचंही तेच चाललं आहे, फरक एवढाच की घरी वाचायला धडाही नाही. शिक्षकाला वाचवायचा मार्ग म्हणजे त्याच्या मतावर काही अवलंबून ठेवायचंच नाही. मंडळानं मूळ वेचे नेमून द्यावेत, शिक्षकानं ते वर्गात वाचून घ्यावेत, प्रश्न छापील असावेत, तपासणीचे निकष जाहीर असावेत. वर्गात तुकारामांचा अभंग, धम्मपदाचं पान, येशूचं डोंगरावरचं प्रवचन, कुराणातला एखादा सुरा, आगरकरांचा निबंध समोर असेल तर बोलतो तो वेचा. मुंबई विद्यापीठातून तत्त्वज्ञानात एमए होऊन बँकेच्या परीक्षा देत बसलेली मुलं-मुली आहेत. शिक्षक नाहीत असं नाही, जागा नाहीत.

सरकार बदललं की अभ्यासक्रम बदलेल, हा तिसरा. बदलेलच. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतानं २००८ला शाळांत ‘नीती आणि धर्मसंस्कृती’ असा विषय सक्तीचा केला. तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला, आणि २०२४मध्ये सरकारनं तो मोडीत काढून दुसरा आणला. इतिहासाची पुस्तकंही आपल्याकडे बदलतात, म्हणून इतिहास बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण इथे एक कुंपण घालता येतं. इंग्लंडमध्ये दहावीच्या पातळीवरच्या जीसीएसईला २०१६पासून किमान दोन धर्मांचा अभ्यास बंधनकारक झाला. आपण पुढे जाऊन तीन परंपरा म्हणू, त्यातली एक ईश्वर न मानणारी. म्हणजे कुणालाही फक्त आपल्याच घरच्या धर्मावर पेपर सोडवून बाहेर पडता येणार नाही. ही एक अट असली तर कुठल्याही रंगाच्या सरकारला विषय पळवून नेणं बरंच अवघड जाईल. ‘अशक्य’ मी म्हणत नाही.

विवेकवादी मित्रांचा आक्षेप निराळा आहे: तुम्ही धर्माला अभ्यासाची प्रतिष्ठा मिळवून देताय. मला कळत नाही की महाराष्ट्रात बसून हे कसं म्हणवतं. धर्माची सर्वांत खोलवर चिकित्सा इथे कुणी केली? वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्रं घोटलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी. धर्मकोशाचं संपादन करणारा हाच माणूस अस्पृश्यतेविरुद्ध गांधींना शास्त्राधार काढून देत होता, आणि १९३३ला देवदास गांधी आणि राजाजींची मुलगी यांचा आंतरजातीय विवाह त्यांनीच लावला. २५ डिसेंबर १९२७ला महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा तो ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. आणि बाबासाहेबांनी पुढे तिचे अध्याय-श्लोक काढून काढून जे लिहिलं, ते न वाचणाऱ्याला लिहिता आलं नसतं. अकरावीच्या वर्गात मनुस्मृती यावी का? माझं उत्तर, यावी; सुविचार म्हणून फळ्यावर येऊ नये. स्त्रिया आणि शूद्र यांच्याविषयीचे तिचे श्लोक, त्यावरची बाबासाहेबांची टीका आणि तिचा बचाव करणाऱ्यांचा युक्तिवाद, तिन्ही एकाशेजारी एक. त्यातून मुलगी काय ठरवायचं ते ठरवेल. मे २०२४च्या मसुद्यात श्लोक होता, बाकीचे दोन शेजारी नव्हते. आक्षेप घ्यायचा तर तो इथे होता.

श्रद्धाळू आईवडिलांची धास्ती मी हलक्यानं घेत नाही. काही मुलांची श्रद्धा या तासात डळमळेल, काहींची नव्यानं बसेल. दोन्हींची हमी मला देता येत नाही. पण जोतीराव फुल्यांनी सार्वजनिक सत्यधर्मात एक कुटुंब कल्पिलं आहे: बाईनं बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्यानं बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीनं कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलानं सत्यधर्म स्वीकारावा, आणि चौघांनी एका घरात सुखानं नांदावं. १८९१चं हे पुस्तक. त्या घरात प्रत्येक जण आधी वाचतो आणि मग ठरवतो, हे लक्षात घ्या. सोळाव्या शतकात एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद रचला. त्यात दोघं एकमेकांना यथेच्छ बोलतात, एकमेकांच्या रूढींची टर उडवतात आणि शेवटी गळाभेट घेतात. नाथांचं भारूड मंदिरात चालतं आणि वर्गात त्यानं भावना दुखावतील, हा काय न्याय आहे?

पण हे सगळं ग्रंथांचं झालं. हा विषय इथल्या मातीत कसा उतरेल ते एका प्रश्नावरून दाखवतो. समजा, वाशीच्या कॉलेजात बारावीला असा प्रश्न आला: “सार्वजनिक हितासाठी जमीन घेणं न्याय्य आहे, फक्त मोबदला पुरेसा हवा. या विधानाची चिकित्सा करा. उत्तरात किमान एका धर्मपरंपरेतला आणि एका नीतिसिद्धांतातला आधार घ्या.” १९७०ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहायची होती. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात दास्तान फाटा आणि नवघर फाट्यावर गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातून साडेबारा टक्के योजना आली. शंभर गुंठे गेले तर साडेबारा गुंठे विकसित भूखंड परत, त्यातूनही पावणेचार सार्वजनिक सुविधांसाठी वजा, हातात पावणेनऊ. पुढे विमानतळासाठी ज्यांची जमीन गेली त्यांना साडेबावीस टक्के. हे आकडे आगरी-कोळी घरातल्या पोराला तोंडपाठ असतात. तो प्रश्न त्याच्या घरात जेवणाच्या ताटावर चर्चिला जातो, पण वर्गात कधीच येत नाही.

आता उत्तर कसं लिहिलं जाईल? बेंथम-मिल या उपयुक्ततावाद्यांच्या हिशेबानं लाखो लोकांना घरं मिळाली, रेल्वे आली, सुखाची बेरीज वाढली. जमीन घेणं योग्य. कांट विचारेल, त्या शेतकऱ्याला तुम्ही फक्त साधन म्हणून वापरलंत का, त्याला ‘नाही’ म्हणायची सोय होती का? बायबलमधल्या नाबोथाची कथा इथे चपखल बसते. अहाब राजाला राजवाड्यालगतचा त्याचा द्राक्षमळा हवा असतो. राजा बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ करतो, म्हणजे मोबदला पुरेसाच आहे. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. पुढे खोट्या आरोपावरून त्याला दगडांनी ठेचून मारतात, आणि राजाला त्याच मळ्यात जाऊन जाब विचारतो तो संदेष्टा एलिया, ज्याच्या नावानं टेंभी नाक्याची मंडळी मलिदा मांडतात. चांगला विद्यार्थी लगेच फरकही दाखवेल: अहाबाला भाजीचा मळा करायचा होता, सिडकोला शहर वसवायचं होतं, खासगी हाव आणि सार्वजनिक गरज एकच नव्हे. मग कुणी वामन आणि बळीची कथा घेईल. तीन पावलं जमीन, स्वखुशीनं दिलेली, कायदेशीरदृष्ट्या बिनतोड. ‘दान दिलं, तक्रार कसली?’ असं एक वाचन. आणि जोतीरावांचं दुसरं, की शेतकऱ्यांच्या राजाला कपटानं बुडवलं. संमती खरी कधी म्हणायची, हा प्रश्न त्या दोन वाचनांच्या मधोमध उभा आहे. आणि एखादी मुलगी विचारेल की गावदेवीच्या जागेचा दर कुठल्या रेडी रेकनरमध्ये असतो? पैशात न मोजता येणाऱ्या गोष्टीचा मोबदला काय, या प्रश्नावर जगभरचे तत्त्वज्ञ अजून अडलेले आहेत. तिनं दोन पानं धड लिहिली तरी मी तिला पैकीच्या पैकी देईन. या उत्तरांत धर्म आहे, तत्त्वज्ञान आहे, नीती आहे, नवी मुंबईचा इतिहास आहे. पाठांतर नाही, आणि भगवं-हिरवं-निळं काही करण्याची सोयही नाही.

‘पण सीईटीला याचा उपयोग काय?’ काहीच नाही. मात्र यूपीएससीला २०१३पासून नीतिशास्त्राचा २५० मार्कांचा पेपर आहे. ठाण्याच्या अभ्यासिकांत पंचविशीतली मुलं कांट आणि बेंथम गाइडमधून पहिल्यांदा भेटतात आणि व्याख्यांसारखे पाठ करतात. एमबीबीएसलाही २०१९पासून वैद्यकीय नीती आणि संवाद यांचं स्वतंत्र घटक-शिक्षण आहे. म्हणजे मुलाला हा विषय शिकावा लागणारच. उशिरा, घाईत आणि नोकरीसाठी.

करायचं असेल तर आराखडा, समिती, पुन्हा आराखडा या फेऱ्यात न पडता करता येईल. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं शाखांमधल्या भिंती पाडायचं म्हटलेलंच आहे. ज्या कॉलेजांत तत्त्वज्ञानाचा विभाग आज जिवंत आहे, तिथे पुढच्या वर्षी विज्ञान-वाणिज्यच्या मुलांना तो विषय खरोखर निवडता येईल असं वेळापत्रक करावं. वीस मुलं मिळाली तरी वर्ग सुरू करावा, मिळाली नाहीत तर मी कुठे चुकलो ते कळेल. मंडळानं त्याआधी एक काम करावं: धर्म, तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्राची नमुना प्रश्नपत्रिका आणि तपासणीचे निकष छापावेत, आणि मसुद्यावर मागवतात तशा त्यावर हरकती-सूचना मागवाव्यात. संस्कारवाल्यांनी आणि विरोधकांनी ती तीन तास बसून सोडवावी, आणि एकमेकांचे पेपर तपासावेत.